स्टेफान कुट्नर : जीवन आणि संशोधनसंग्रह

व्हॅटिकन ग्रंथालयाच्या ‘स्तूदी ए तेस्ती’ या ग्रंथमालेतील एकाहत्तरावा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. ‘रेपर्टोरियम डेर कॅनोनिस्टिक’ हे त्याचे नाव. इ. स. ११४० ते १२३४ या काळात युरोपातील विद्यापीठांतून चर्चच्या कायद्यावर, म्हणजे कॅनन कायद्यावर, जे टीकाग्रंथ, सारग्रंथ व संग्रह निर्माण झाले, त्यांच्या पोथ्यांचे हे वर्णनात्मक सूचिपत्र होय. मुखपृष्ठावर ‘१’ हा खंडांक छापलेला आहे. मध्ययुगीन टीकांच्या एका नियोजित महासंग्रहाची ही केवळ पूर्वपीठिका आहे, असेही उपशीर्षकात सुचविलेले आहे. पुढे दुसरा खंड निघाला नाही व तो महासंग्रहही निघाला नाही. तथापि मध्ययुगीन कॅनन कायद्याच्या अभ्यासाचे या ग्रंथापूर्वीचा व या ग्रंथानंतरचा असे दोन कालखंड पाडावे लागतात, याविषयी त्या विषयातील जाणकारांत दुमत नाही. एक अपुरा ग्रंथ एवढे कार्य कसा करू शकला, याचा उलगडा ग्रंथकर्त्याच्या छापील लेखनापेक्षा त्याने जमविलेल्या टिपणांत, छायाचित्रांत व सूक्ष्मपटांत अधिक सापडतो. म्हणून स्टेफान कुट्नर यांच्या चरित्राचा विचार त्यांच्या संग्रहापासून वेगळा करता येत नाही.

कुट्नर यांनी निवडलेली कालमर्यादा प्रथम समजून घेणे अवश्य आहे. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादापर्यंत चर्चपाशी नियमांची वाण नव्हती. वाण होती ती व्यवस्थेची. परिषदांचे ठराव, पोपांची पत्रे, प्राचीन आचार्यांची वचने, रोमन कायद्यातील उतारे अशी सामग्री शतकानुशतके साचत आली होती आणि तीत परस्परविरोध पुष्कळ होता. बोलोन्या येथील ग्रेशियन नामक अध्यापकाने ११४० च्या सुमारास जवळजवळ चार हजार वचने एकत्र करून त्यांवर आपले विवेचन जोडले. ‘विसंवादी नियमांचा संवाद’ अशा अर्थाचे नाव त्याने आपल्या ग्रंथास दिले. पुढे तो ‘डिक्रीटम’ याच नावाने रूढ झाला. त्याच्या दुसऱ्या भागात छत्तीस कल्पित खटले आहेत. एकोणतिसाव्या खटल्यात एका कुलीन स्त्रीस एका सरदारपुत्राचे मागणे येते व ती होकार देते. परंतु त्याचे नाव धारण करून एक दास येतो आणि तिच्याशी विवाह करतो. पुढे खरा सरदारपुत्र उपस्थित होतो. हा विवाह झाला की नाही? वर स्वतंत्र आहे अशा समजुतीने वरलेला पुरुष दास निघाला तर तिला त्याचा त्याग करता येईल काय? ग्रेशियन दोन्ही बाजूंची वचने मांडतो, व्यक्तीविषयीची भ्रांती आणि तिच्या गुणसंपत्तीविषयीची भ्रांती यांत भेद करतो, आणि त्या भेदाच्या आधारे विरोध मिटवितो. त्याच शतकात कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहून विरुद्ध स्मृतिवचनांची एकवाक्यता करीत होता, याचे मराठी वाचकास येथे सहज स्मरण होईल. या दोन परंपरांचा परस्परांशी कसलाही संबंध नव्हता. परंतु संमत वचनांपैकी एकही टाकून देता येत नाही व सर्व एकदम पाळताही येत नाहीत, ही अडचण दोघांपुढेही सारखीच होती.

ग्रेशियनच्या ग्रंथावर लगेच टीका सुरू झाल्या. त्याच वेळी पोपांकडे जाणाऱ्या अपिलांची संख्या वाढत गेली आणि विशिष्ट प्रकरणी त्यांनी दिलेली निर्णयपत्रे, ज्यांस डिक्रीटल म्हणतात, संग्रहित होऊ लागली. १२३४ साली पोप नववा ग्रेगरी याने पेन्याफोर्टच्या रेमंडकडून अशा निर्णयपत्रांचा एक अधिकृत संग्रह करविला आणि विद्यापीठांत व न्यायालयांत तोच वापरावा असा आदेश दिला. त्यामुळे पूर्वीचे संग्रह व्यवहारातून गेले आणि त्यांवरील टीकाही हळूहळू विस्मृतीत पडल्या. ११४० व १२३४ यांमधील कालखंड हा अशा रीतीने या शास्त्राचा सर्वांत सर्जनशील, आणि नेमका त्यामुळेच सर्वांत झाकलेला, कालखंड ठरला. १९१७ च्या संहितेने मध्ययुगीन संग्रहांचे विधायक बळ काढून घेतले. त्यानंतर त्यांचा विचार निव्वळ इतिहास म्हणून करण्यास खरी मोकळीक मिळाली.

या झाकलेल्या साहित्याचे स्वरूप पोथीच्या एका पानावरून ध्यानात येते. पानाच्या मध्यभागी दोन स्तंभांत मूळ ग्रंथ असतो आणि त्याच्या चोहोबाजूंस समासात बारीक अक्षरांत टीका असते. ती टीका एका हातची नसते. एका अध्यापकाच्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या टिपणांवर दुसऱ्या पिढीतील वाचकाने भर घातलेली असते, तिसऱ्याने काही खरवडून तेथे आपले लिहिलेले असते. टिपणाच्या शेवटी कर्त्याची खूण म्हणून एकदोन अक्षरे येतात. ‘ह.’ म्हणजे बहुधा हुगुचियो, ‘लाउ.’ म्हणजे लॉरेन्शियस हिस्पानस, परंतु ‘जो.’ या खुणेचा अर्थ योहानेस टॉयटोनिकस, फाएन्झाचा योहानेस किंवा वेल्सचा योहानेस यांपैकी कोणताही असू शकतो. आणि नकलनवीस अशा खुणा गाळतात किंवा चुकीच्या ठिकाणी घालतात, हा अनुभव तर सार्वत्रिकच आहे. एका पोथीवरून यातून काहीही सिद्ध होत नाही. डझनावारी पोथ्यांतील तेच टिपण ताडून पाहिले म्हणजे मात्र थर वेगळे करता येतात आणि कोणत्या अध्यापकाने कोणता सिद्धान्त कोणाच्या आधी मांडला हे सांगता येते.

एकोणिसाव्या शतकात योहान फ्रीड्रिख फॉन शुल्टे यांनी १८७५ ते १८८० या काळात या वाङ्मयाचा त्रिखंडात्मक इतिहास लिहिला, आणि एमिल फ्रीडबेर्ग यांनी १८७९ मध्ये ‘डिक्रीटम’ची आवृत्ती सिद्ध केली. दोन्ही कामे त्या काळाच्या मानाने प्रचंड होत. पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धान्त अमान्य करून शुल्टे हे जुन्या कॅथलिकांचे अग्रणी झाले, तरी त्यांच्या ग्रंथावाचून रोमनिष्ठ अभ्यासकांचेही चालत नसे, ही एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. परंतु ‘डिक्रीटम’च्या आज ज्ञात असलेल्या पोथ्यांची संख्या सहाशेहून अधिक आहे आणि फ्रीडबेर्ग यांनी वापरलेल्या पोथ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शुल्टे यांची पाहणीही सर्वदूर पोहोचू शकली नव्हती. उणीव बुद्धीची नव्हती, पाहिलेल्या पोथ्यांच्या संख्येची होती.

कुट्नर यांचा जन्म २४ मार्च १९०७ रोजी बॉन येथे झाला. वडील गेऑर्ग कुट्नर हे कायद्याचे प्राध्यापक होते. घराणे मूळचे यहुदी, परंतु प्रॉटेस्टंट पंथात आलेले. स्टेफान यांनी कायद्याचा अभ्यास करून १९३० मध्ये बर्लिन येथे डॉक्टरची पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय खोट्या साक्षीचे कायदेशीर स्वरूप हा होता. फौजदारी कायद्याचे प्राध्यापक कोलराउश यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. अपराधाच्या कल्पनेचा उगम शोधीत मागे जाता जाता ते मध्ययुगीन कॅननशास्त्र्यांपाशी येऊन थांबले. १९३३ मध्ये जर्मनीत वंशावरून नागरिकांची विभागणी सुरू झाली आणि विद्यापीठीय जीवनाचा त्यांचा मार्ग बंद झाला. याच सुमारास त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता. परंतु नव्या राजवटीस धर्म विचारावयाचा नव्हता, रक्त विचारावयाचे होते. त्याच वर्षी एव्हा इल्श यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते रोमला गेले.

व्हॅटिकन ग्रंथालयात १९३४ ते १९४० या काळात त्यांनी संशोधक म्हणून काम केले. लॅटरन येथील संस्थेत ते काही काळ अध्यापनही करीत. या आश्रयाचे पहिले फळ म्हणजे १९३५ चा त्यांचा ग्रंथ. ग्रेशियनपासून नवव्या ग्रेगरीपर्यंत कॅननशास्त्र्यांनी अपराधाच्या मानसिक अंगाचा, म्हणजे हेतू, हयगय, अज्ञान, बळजबरी व मद्याची धुंदी अशा अवस्थांचा, विचार कसा केला हे त्यात दाखविलेले आहे. पाश्चात्त्य फौजदारी कायद्यातील हेतूविषयीच्या कल्पनांचा एक मोठा प्रवाह पापनिवेदनाच्या व चर्च न्यायालयांच्या चर्चेतून आलेला आहे, हे या ग्रंथाने पोथ्यांच्या आधारे मांडले. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ‘चर्च गुप्त गोष्टींचा न्याय करीत नाही’ या सूत्राचा इतिहास त्यांनी दिला. मनातील पाप व उघड गुन्हा यांच्यामधील रेषा न्यायाधीशाने कोठे ओढावी, हा प्रश्न त्या सूत्रात आहे. माणसाच्या अंतरंगाची व जन्माची झडती घेणाऱ्या राजवटीपासून पळून आलेला तरुण विद्वान हा विषय निवडतो, यात योगायोग किती आणि निवड किती हे सांगता येणार नाही. निबंधात तशी सूचना कोठेही नाही.

हे दोन्ही लेख सिद्ध करताना त्यांच्या ध्यानात आले की ज्यांच्या मतांचा हवाला द्यावयाचा, त्या टीकाकारांचे ग्रंथच कोणी नीट ओळखून ठेवलेले नाहीत. म्हणून सिद्धान्तांचा इतिहास बाजूस ठेवून आधी साधनांची मोजदाद करणे त्यांना भाग पडले. त्यांनी निरनिराळ्या ग्रंथालयांतील पोथ्या स्वतः पाहिल्या, त्यांचे आरंभ व शेवट उतरून घेतले, समासातील थर नोंदले आणि खुणांची फोड केली. ‘रेपर्टोरियम’ हा त्या टिपणांचा काटेकोर सारांश होय. ग्रंथाची भाषा जर्मन, कर्त्यास जर्मनीत स्थान नाही, आणि प्रकाशक व्हॅटिकन अशी त्याची स्थिती होती. दुसरा खंड न निघण्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. १९३८ मध्ये इटलीतही वंशभेदाचे कायदे झाले, १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये कुट्नर कुटुंबास घेऊन अमेरिकेत गेले. युद्धकाळात युरोपातील ग्रंथालये त्यांना बंद झाली. त्यांपैकी काही कायमची गेली : शार्त्र येथील ग्रंथालय १९४४ च्या बाँबवर्षावात जळाले आणि तेथील बहुतेक मध्ययुगीन पोथ्या नष्ट झाल्या. युद्धापूर्वी प्रत्यक्ष पोथी पाहून केलेल्या टिपणांस यानंतर निराळेच मोल आले.

वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठात त्यांनी १९४० पासून चोवीस वर्षे अध्यापन केले. कॅनन कायदा शिकविणारे व शिकणारे तेथे बहुतांशी धर्मगुरू असत. कुट्नर हे गृहस्थ, नऊ मुलांचे वडील. १९४३ मध्ये योहानेस क्वास्टेन प्रभृतींच्या सहकार्याने त्यांनी ‘ट्रॅडिशियो’ हे वार्षिक सुरू केले आणि त्याच्या पहिल्याच अंकात कोम्पोस्तेलाच्या बर्नार्डविषयीचा आपला दीर्घ लेख दिला. परंतु एका व्यक्तीने पुरे करण्याचे हे काम नव्हे, याची जाणीव त्यांना युद्धोत्तर काळात स्पष्टपणे झाली असावी. १९५५ मध्ये त्यांनी मध्ययुगीन कॅनन कायद्याच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केली. संस्थेचे वृत्तपत्रक प्रथम ‘ट्रॅडिशियो’च्या पुरवणीरूपाने निघे, १९७१ पासून ते स्वतंत्र वार्षिक झाले. त्याच्या पानांतून नव्याने सापडलेल्या पोथ्या व जुन्या वर्णनांतील दुरुस्त्या वर्षानुवर्षे छापल्या गेल्या. १९५८ साली बेल्जियममध्ये लूव्हाँ व ब्रुसेल्स येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अशा परिषदा त्यानंतर चार-पाच वर्षांच्या अंतराने भरत आल्या.

संस्थेच्या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे सूक्ष्मपट. वॉशिंग्टनमध्ये बसून बांबेर्ग, व्होर्चेस्टर व फ्लॉरेन्स येथील पोथ्या एकाच मेजावर शेजारीशेजारी ताडून पाहणे या साधनामुळे शक्य झाले. ज्या विषयाचा सारा आधार तुलनेवर आहे, त्यात ही केवळ सोय नव्हे. ही पद्धतीतीलच क्रांती होती. मूळ पोथी पाहण्याची आवश्यकता मात्र यामुळे संपत नाही. खरवडलेली अक्षरे, शाईतील फरक व हातांचा क्रम सूक्ष्मपटावर फसवा दिसतो. कुट्नर यांच्या पिढीने पोथ्या आधी हातात घेतल्या होत्या आणि मग पडद्यावर पाहिल्या. त्यानंतरच्या अभ्यासकांचा क्रम पुष्कळदा उलट झाला, आणि त्याचे परिणाम काही आवृत्त्यांत दिसतातही.

अशा शोधाचे फळ कधी अनपेक्षित असे. गीसेन येथील विद्यापीठाच्या एका पोथीत १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा वृत्तान्त सापडला. तो लिहिणारा कोणी अनामिक जर्मन धर्माधिकारी त्या प्रसंगी स्वतः रोममध्ये हजर होता. कुट्नर व स्पॅनिश विद्वान अंतोनिओ गार्सिया इ गार्सिया यांनी १९६४ मध्ये तो संपादून प्रसिद्ध केला. परिषदेचे एकाहत्तर नियम सर्वांस ठाऊक होते. परंतु सभागृहातील दाटी, सम्राटपदाच्या वादावरून उठलेला गदारोळ, आणि मधल्या दिवसांत पोपने त्रास्तेव्हेरे येथील सेंट मेरीच्या मंदिराचे केलेले अभिषेचन हे सारे प्रत्यक्षदर्शी माणसाच्या नजरेने या वृत्तान्तातून प्रथमच दिसले.

संग्रहात दुसऱ्याही एका विद्वानाचे कागद आहेत आणि त्यांची हकीकत येथे दिली पाहिजे. बॉन येथील वाल्टर होल्ट्समान (१८९१–१९६३) यांनी बाराव्या शतकातील पोपांच्या निर्णयपत्रांची कार्डावर नोंद करण्याचे काम आयुष्यभर चालविले होते. अशी पत्रे हजाराच्या घरात आहेत. त्यांतील फार मोठा भाग तिसरा अलेक्झांडर याच्या कारकीर्दीतील, आणि पुष्कळशी पत्रे इंग्लंडातील प्रकरणांविषयी आहेत. एकच पत्र दहा संग्रहांत दहा निरनिराळ्या तुकड्यांनी, निरनिराळ्या नावांनी व चुकीच्या पत्त्यांनी आढळते. ते सारे तुकडे एका कार्डाखाली आणणे हे होल्ट्समान यांचे कार्य. आवृत्ती हातून पुरी होण्याआधी त्यांचा मृत्यू झाला. कुट्नर यांच्या संस्थेच्या ‘मोनुमेंटा’ ग्रंथमालेत १९७९ मध्ये सी. आर. चेनी व मेरी चेनी यांनी, आणि १९८२ मध्ये स्टॅन्ली चोडोरो व चार्ल्स डगन यांनी, या कागदांवरून दोन ग्रंथ सिद्ध केले. दोन्हींच्या शीर्षकांतच ‘कै. वाल्टर होल्ट्समान यांच्या कागदपत्रांवरून’ असा निर्देश आहे. कार्डांचे काम त्यानंतर गिझेला ड्रोसबाख यांनी हाती घेतले. विद्वानाच्या मागे राहिलेली टिपणे बहुधा वारसांच्या पेटीत किंवा ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहतात. येथे ती चालू कामाचा भाग झाली, याचे श्रेय संस्थेच्या रचनेस आहे. व्यक्तीचे टिपण हे सर्वांचे साधन होय असे तिने प्रथमपासून मानले होते.

संस्था कुट्नर यांच्याबरोबर फिरली. १९६४ मध्ये येल विद्यापीठात कॅथलिक अध्ययनाचे नवे पीठ निर्माण झाले व त्यावर त्यांची प्रथम नियुक्ती झाली. १९७० मध्ये ते बर्कली येथील रॉबिन्स संग्रहाचे संचालक झाले. पेट्या प्रत्येक वेळी सोबत गेल्या. त्यांच्या वार्धक्यात, १९९१ साली, हा संग्रह म्यूनिक येथे पेटर लांडाउ यांच्याकडे सोपविण्यात आला. ज्या देशाने त्यांना १९३३ मध्ये बाहेर घातले त्याच देशात त्यांची टिपणे अशा रीतीने परत गेली. कुट्नर यांचा मृत्यू १२ ऑगस्ट १९९६ रोजी बर्कली येथे झाला. दहावी परिषद त्याच महिन्यात अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे भरली. संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि पुढे संग्रहाने पुन्हा एकदा अटलांटिक ओलांडून येल गाठले.

कुट्नर यांनी ग्रेशियनची नवी आवृत्ती केली नाही, टीकांचा महासंग्रहही केला नाही. त्यांच्यावर हा आक्षेप घेतला जातो आणि तो वस्तुस्थितीस धरून आहे. अखेरच्या काळातील मोठे काम म्हणजे व्हॅटिकनमधील कॅनन व रोमन कायद्याच्या पोथ्यांची सूची. तिचे दोन खंड राइनहार्ड एल्त्से यांच्या सहकार्याने १९८६ व १९८७ मध्ये निघाले. म्हणजे तेही पुन्हा सूचीचेच काम. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. १९३७ मध्येच ‘डिक्रीटम’ची आवृत्ती काढली असती तर ती कोणत्या ग्रंथाची झाली असती? १९८४ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत ग्रेशियनविषयीच्या संशोधनात काय झाले व काय व्हावयाचे आहे याचा त्यांनी जमाखर्च मांडला. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९६ मध्ये, अँडर्स विन्रोथ यांनी आपल्या प्रबंधात, आणि मग २००० सालच्या ग्रंथात, असे दाखवून दिले की फ्लॉरेन्स, बार्सिलोना, पॅरिस व आड्मोंट येथील पोथ्यांत समासातील व पुरवणीतील भर वगळली असता ‘डिक्रीटम’चे एक निराळे, सुमारे निम्म्या लांबीचे, आधीचे रूप शिल्लक राहते. या पोथ्या अज्ञात नव्हत्या. त्यांतील मजकूर नंतरच्या काळी कोणी केलेला संक्षेप होय असे समजले जात होते. फ्रीडबेर्ग यांनी व त्यांच्या मागून जाणाऱ्या कोणीही जी आवृत्ती काढली असती, तीत दोन ग्रंथ एकात मिसळलेले राहिले असते. घाई न करणे ही येथे दिरंगाई नव्हती.

स्वतःच्या लेखनाविषयीही त्यांची हीच वृत्ती होती. १९८० व १९८३ मध्ये त्यांच्या विखुरलेल्या निबंधांचे तीन संग्रह निघाले. जुने लेख जसेच्या तसे छापून प्रत्येक खंडाच्या शेवटी त्यांनी ‘रेट्रॅक्टात्सिओनेस’ या ऑगस्टीनच्या शीर्षकाखाली पुनर्विचारात्मक टिपणे जोडली : अमुक पोथी चुकीच्या कर्त्याकडे लावली होती, अमुक तारीख दहा वर्षांनी मागे न्यावी, अमुक मत एका तरुण अभ्यासकाने खोडून काढले आहे आणि ते बरोबर आहे. वयाची सत्तरी उलटलेल्या या विद्वानाने आपल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या वाक्यांवर लिहिलेली ही टिपणे पुष्कळ वेळा मूळ लेखाहून अधिक उपयोगी पडतात. अनुभवी वाचक हे खंड उघडतो तो शेवटच्या पानांपासून.